भरल्या समुद्राकाठी : पेरूतील समुदाय आणि त्सिम्शियन गावे

पेरू हा सुमारे ३ कोटी ४० लाख लोकवस्तीचा देश आहे. त्सिम्शियन हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर आणि अलास्कातील एका बेटावर राहणारा, अंदाजे दहा हजारांचा समाज. या दोघांना सरसकट समोरासमोर उभे करून काहीच हाती लागत नाही. पेरूच्या बाजूने अँडीज पर्वतातील क्वेचुआ आणि आयमारा भाषकांचे शेतकरी समुदाय व किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार घेतले आणि दुसऱ्या बाजूने स्कीना नदीच्या मुखाजवळची आणि तिथून दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची लाक्स क्वालाम्स, मेटलाकाटला, गित्खाला, हार्टली बे ही गावे घेतली, तर मात्र तुलना जमते. दोघांच्याही दारात जगातले अतिशय समृद्ध मासळीक्षेत्र आहे, पायाखाली किंवा शेजारी खनिज आणि बंदरांची श्रीमंती आहे, आणि तरीही दोघांच्याही घरी तंगी आहे. फरक आहे तो तंगीच्या प्रकारात.

जुन्या काळी दोन्हीकडचे अर्थकारण साठवणीवर उभे होते. त्सिम्शियन लोकांचे वर्ष मार्चच्या सुमारास नास नदीत शिरणाऱ्या ऊलिकन या वीतभर लांबीच्या माशापासून सुरू होई. हा मासा इतका तेलकट की वाळवून पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. पकडलेले मासे खड्ड्यांत काही दिवस मुरवत, मग पाण्याने भरलेल्या लाकडी पेटीत तापलेले दगड टाकून पाणी उकळत आणि वर येणारी चरबी काढून घेत. थंडीत थिजणारी ही चरबी डोंगर ओलांडून आतल्या मुलखात जाई. त्या व्यापाराच्या पायवाटा आजही ‘चरबीच्या वाटा’ म्हणूनच ओळखल्या जातात. उन्हाळ्यात सॅमन मासा नदीत चढे, तो धुरावर सुकवून हिवाळ्यासाठी ठेवला जाई. अँडीजमध्ये साठवण होती ती बटाट्याची. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरायचे, गोठले की दिवसा उन्हात पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे, आणि असे काही दिवस केले की ‘चुन्यो’ तयार होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. आजही पुनो आणि कुस्को भागातल्या कुटुंबांना खराब वर्षात चुन्योचाच आधार असतो.

मालकीची पद्धत मात्र निराळी होती. अँडीजमधील ‘आयल्यू’ या नातेसंबंधांवर उभ्या समुदायाकडे वेगवेगळ्या उंचीवरच्या जमिनी असत: खाली मका, मध्ये बटाटा, वर लामा-अल्पाकांची कुरणे. एका पट्ट्यातले पीक गेले तरी दुसरा पट्टा तारून नेई. कामाची देवघेव ‘आयनी’ या नावाने चाले. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. त्सिम्शियन समाजात जमीन, नदीतला मासेमारीचा ठिय्या, बोरांची रानेसुद्धा ‘वाप’ म्हणजे घराण्याच्या नावावर असत, आणि घराणे चाले आईकडून. नाव आणि हक्क पुढच्या पिढीकडे जाताना मोठी मेजवानी होई. पाहुण्यांना भेटवस्तू मिळत आणि त्या बदल्यात ते हक्काचे साक्षीदार ठरत. दस्तनोंदणीचे कार्यालय म्हणतात ते हेच. कॅनडा सरकारला त्यात केवळ उधळपट्टी दिसली. १८८४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने अशा मेजवान्यांवर बंदी आली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. मालकी सिद्ध करण्याचे साधनच गुन्हा ठरले.

पेरूत जुन्या व्यवस्थेवरचा असा घाव तीन शतके आधीच बसला. व्हाइसरॉय तोलेदोने १५७०च्या दशकात विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चौकोनी आखणीच्या गावांत आणले आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी सक्तीची वेठ लावली. इंकांच्या काळातली ‘मिता’ ही श्रमपद्धतच त्यासाठी वापरली गेली. ठरलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सुमारे सातवा हिस्सा दरवर्षी खाणीवर पाठवावा लागे. ही वेठ १८१२ मध्ये रद्द झाली, पण मोठ्या जमीनदारांचे वाडे आणि त्यांच्या जमिनीवर फुकट राबणारी कुळे विसाव्या शतकापर्यंत राहिली. २४ जून १९६९ रोजी जनरल व्हेलास्कोच्या लष्करी सरकारने जमीनसुधारणा कायदा आणला तेव्हा कुठे हे वाडे मोडले. जमिनी आधी सहकारी संस्थांकडे गेल्या, त्या संस्था फारशा चालल्या नाहीत, आणि पुढे बराच भाग समुदायांनी आपसांत वाटून घेतला. आज देशात सुमारे सहा हजार मान्यताप्राप्त शेतकरी समुदाय आहेत. सामूहिक मालकीची जमीन हातात असणे ही त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू.

त्सिम्शियन लोकांच्या वाट्याला युरोपीय आले ते व्यापारी म्हणून. हडसन्स बे कंपनीने १८३१ मध्ये नास नदीवर ठाणे उभारले आणि १८३४ मध्ये ते आजच्या लाक्स क्वालाम्सच्या जागी हलवले. स्कीना नदीवरचा व्यापार मुठीत ठेवणाऱ्या लिगेएक या सरदाराने आपली मुलगी कंपनीच्या डॉक्टरला दिली आणि कंपनीशी सोयरीक जोडली. काही काळ दोघांचेही भागले. मग १८६२ची देवीची साथ आली, आणि तिच्यामागोमाग मिशनरी व सरकारी मोजणीदार. १८८०च्या दशकात गावांभोवती लहान लहान ‘रेझर्व्ह’ आखले गेले. बाकीचा सगळा मुलूख कोणताही तह न करता प्रांताने आपला म्हटला. १८८७ मध्ये त्सिम्शियन आणि शेजारच्या निस्गा समाजाचे सरदार याची दाद मागायला व्हिक्टोरियाला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्याच वर्षी विल्यम डंकन या मिशनऱ्याबरोबर सुमारे ८०० त्सिम्शियन सीमा ओलांडून अलास्कातील ॲनेट बेटावर गेले. त्या स्थलांतराचे फळ पुढे दिसते.

खरी मेख मासळीत आहे. स्कीनाच्या मुखाशी १८७६ पासून सॅमन डबाबंद करणारे कारखाने निघाले. त्सिम्शियन पुरुष होड्या घेऊन मासे आणत, बायका डबे भरत, मजुरी नगावर. पण १८८८च्या मत्स्यनियमांनी मूलनिवाश्यांना स्वतःच्या खाण्यापुरता मासा धरण्याची मुभा ठेवली आणि परवान्याशिवाय विकण्याला मनाई केली. नदी ज्यांची, ते रातोरात तिथले मजूर झाले. तळे राखी तो पाणी चाखी ही म्हण इथे उलटी पडली. १९६८ नंतर सरकारने होड्यांची संख्या कमी करण्यासाठी परवाने आटोक्यात आणले, १९९६ मध्ये आणखी छाटणी झाली. परवान्याला किंमत आली. कर्ज उभे करणे मूलनिवाश्यांना अवघड, कारण रेझर्व्हवरची जमीन कायद्याने सरकारच्या नावावर आणि म्हणून गहाण टाकता येत नाही. लहान गावांतले परवाने हळूहळू शहरातल्या मोठ्या धन्यांकडे गेले, कारखाने एकेक करून बंद पडले.

पेरूची मासळीची गोष्ट आकाराने अवाढव्य आहे. थंड हम्बोल्ट प्रवाहात आंचोवेता हा छोटा मासा अफाट प्रमाणात सापडतो. १९७० मध्ये त्याची पकड सुमारे १ कोटी २० लाख टनांवर गेली. अतिमासेमारी आणि १९७२-७३चा एल निन्यो यांनी हा धंदा कोसळला. सावरल्यानंतर २००८ मध्ये प्रत्येक जहाजाला ठराविक कोटा देण्याचा कायदा झाला. त्याने मासा वाचला, पण कोटा मोठ्या कंपन्यांकडे एकवटला. किनाऱ्यापासूनचे पाच सागरी मैल छोट्या मच्छीमारांसाठी राखीव आहेत, तेवढाच त्यांचा आधार. आंचोवेताचा बहुतांश भाग माणसाच्या ताटात येतच नाही. त्याची भुकटी आणि तेल होते आणि ते परदेशातल्या मत्स्यशेतीला जाते. सॅमन-शेती हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. १९९०च्या दशकात शेतीतला स्वस्त सॅमन जगभर पसरला तसे नैसर्गिक सॅमनचे भाव पडले आणि उत्तर किनाऱ्यावरच्या गावांचे उरलेसुरले उत्पन्न घटले. म्हणजे पेरूचा छोटा मासा त्सिम्शियन मच्छीमाराच्या पोटावर अप्रत्यक्षपणे आला. भुकटीच्या निर्यातीत अग्रेसर असलेल्या या देशात २०२३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे वयाची सुमारे ४३ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. पुनो विभागात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. ही विसंगती पेरूतही वर्षानुवर्षे बोलली जाते आणि तशीच राहते.

न्यायालयांत काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. लाक्स क्वालाम्सने व्यापारी मासेमारीचा हक्क मागितला, तेव्हा २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: युरोपीय येण्याआधी व्यापार होता तो ऊलिकनच्या चरबीचा, इतर माशांचा नव्हे, असा निष्कर्ष निघाला. ऊलिकन तर किनाऱ्यावरच्या बहुतेक नद्यांत घटत चाललेला. उलट डंकनबरोबर गेलेल्यांनी अलास्कात वसवलेल्या, त्याच नावाच्या मेटलाकाटलाला १८९१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ॲनेट बेटे राखीव दिली आणि १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यालगतचे पाणीही त्यांचेच मानले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने बेटाबाहेरच्या परंपरागत पाण्यातही त्यांचा हक्क मान्य केला. भाषा एक, वंश एक, मासा एक. मधल्या सरहद्दीने हक्क बदलला. सामाजिक-आर्थिक स्थिती संस्कृतीवरून ठरते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

जमिनीखालच्या संपत्तीबाबत दोन्ही देशांचा नियम साधारण सारखाच आहे: वरची माती कोणाचीही असो, खालचे खनिज सरकारचे. पेरूत अपुरिमाक विभागातील लास बाम्बास ही तांब्याची खाण २०१६ पासून चालते आणि एकटी जगातले सुमारे दोन टक्के तांबे देते. तिच्यासाठी फुएराबाम्बा हा समुदाय २०१४ मध्ये नव्या वसाहतीत हलवला गेला. लोकांना पक्की घरे आणि मोठी रोख भरपाई मिळाली. गुरांची कुरणे आणि शेते मागे राहिली. रोकड संपल्यावर करायचे काय, हा प्रश्न काही वर्षांतच उभा राहिला. धातुक नेण्यासाठी आधी नळवाहिनी ठरली होती, ती रद्द होऊन रोज शेकडो ट्रक कच्च्या रस्त्याने धूळ उडवत जाऊ लागले, आणि वाटेवरच्या गावांनी रस्ता अडवणे हेच वाटाघाटीचे हत्यार केले. २०२२ मध्ये फुएराबाम्बा आणि शेजारचा समुदाय खाणीच्या आवारात शिरल्याने पन्नासहून अधिक दिवस उत्पादन थांबले. खाणीवरच्या आयकराचा निम्मा वाटा कायद्याने त्या भागातल्या प्रशासनाला मिळतो. पण नगरपालिकांना तो धड खर्च करता येत नाही आणि घराघरांत काही पोहोचत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते.

लाक्स क्वालाम्सपुढे प्रसंग आला तो नैसर्गिक वायूचा. स्कीनाच्या मुखाशी लेलू बेटावर द्रवरूप वायूचे निर्यातकेंद्र उभारण्यासाठी, मलेशियाच्या पेट्रोनासच्या पुढाकाराने आलेल्या प्रकल्पात, गावाला ४० वर्षांत सुमारे १.१५ अब्ज कॅनेडियन डॉलर देऊ केले गेले. बेटालगतच्या फ्लोरा बँक या उथळ गवताळ भागात सॅमनची पिल्ले वाढतात. मे २०१५ मध्ये गावाने हा पैसा नाकारला, आणि जगभर बातमी झाली. त्यापुढची बातमी कमी ऐकली गेली: गावात नेतृत्व बदलले आणि २०१७च्या सुरुवातीला करारावर सह्या झाल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीनेच बाजारभावाचे कारण देऊन प्रकल्प गुंडाळला. नकार हा काही पवित्र संकल्प नव्हता. तो भाव, धोका आणि रोजगार यांचा हिशेब होता, जसा तो लास बाम्बासच्या रस्त्यावरही असतो.

प्रकल्पांआधी मूलनिवाश्यांशी सल्लामसलत करण्याच्या कायद्यात पेरू कागदावर पुढे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मूलनिवासी हक्कांचा करार क्रमांक १६९ त्याने १९९४ मध्ये मान्य केला. कॅनडाने तो आजवर केलेला नाही. तरी पूर्वसल्ल्याचा कायदा व्हायला २०११ साल उजाडले, तेही २००९ मध्ये बाग्वा इथे पोलीस आणि ॲमेझॉनमधील मूलनिवासी यांच्या चकमकीत ३३ जीव गेल्यानंतर. ब्रिटिश कोलंबियात २०२३ मध्ये गित्खाला समाजाच्या दाव्यावर न्यायालयाने ठरवले की खनिजाचा दावा ऑनलाइन नोंदवू देण्याआधीच सरकारने त्यांच्याशी बोलले पाहिजे. पेरूत मात्र खाणीच्या बाबतीत विचारणा बहुधा सगळे परवाने होत आल्यावर होते.

घरखर्चाच्या पातळीवर दोन तंग्यांमधला फरक स्पष्ट दिसतो. पेरूत गरिबी २००४ मधील सुमारे ५८ टक्क्यांवरून २०१९ मध्ये २० टक्क्यांवर आली, कोविड साथीच्या वर्षात ३० टक्क्यांवर चढली आणि २०२३ मध्ये २९ टक्के होती. ग्रामीण भागात ती जवळजवळ ४० टक्के. सत्तर टक्क्यांहून अधिक रोजगार असंघटित आहे. सरकारी मदत म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली ‘हुन्तोस’ योजना, दर दोन महिन्यांनी २०० सोल; तीही मुले शाळेत आणि दवाखान्यात नेली तर. त्यात १९८० ते २००० या काळातील हिंसाचाराची भर. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६९ हजार माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि बळींपैकी चारांत तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी मूलनिवासी भाषा होती. कॅनडात दवाखाना फुकट, पेन्शन, बेकारभत्ता आहे. तरी २०२१च्या जनगणनेप्रमाणे मूलनिवाश्यांपैकी १८.८ टक्के अल्प उत्पन्न गटात होते, इतरांत १०.७ टक्के. सहापैकी एकाचे घर मोठ्या दुरुस्तीला आलेले. हार्टली बेला रस्ता नाही, गावात फळ्यांच्या वाटा आहेत, आणि दूध-पीठ बोटीने येते. तिथे डॉलरची किंमत शहरातल्याइतकी राहत नाही. धुरावर सुकवलेला सॅमन ही तिथे हौस नाही, किराण्याची बचत आहे.

बायकांच्या बाबतीत त्सिम्शियन समाजावर कायद्याने विशेष घाव घातला. घराणे आईकडून चालणाऱ्या या समाजात, मूलनिवासी दर्जा नसलेल्या पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीचा ‘इंडियन’ दर्जाच १९८५ पर्यंत रद्द होई. तिची मुले घराण्यात असत, सरकारी यादीत नसत. पेरूत सामुदायिक जमिनीचा सभासद बहुधा नवराच. २०१९च्या कायद्याने समुदायांच्या कार्यकारिणीत किमान ३० टक्के जागा स्त्रियांना मिळाव्यात असे ठरले.

दोन्हीकडचे तरुण शहराकडे जातात. पेरूची सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या एकट्या लिमात आहे, आणि अँडीजमधून आलेल्यांनी तिथे गावाच्या नावाने मंडळे काढली आहेत. गावच्या उत्सवाचा खर्च ती उचलतात. त्सिम्शियन गावांतले बरेच लोक प्रिन्स रूपर्ट आणि व्हँकुव्हरमध्ये असतात. रेझर्व्हबाहेर राहणाऱ्यांनाही गावच्या निवडणुकीत मत असले पाहिजे, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. २०१५ मध्ये वायूप्रकल्पाच्या प्रस्तावावरच्या सभाही तीन ठिकाणी झाल्या: लाक्स क्वालाम्समध्ये, प्रिन्स रूपर्टमध्ये आणि व्हँकुव्हरमध्ये. तिन्ही ठिकाणी उत्तर नकाराचेच आले.