दगडी कोल्हापूर (लेखांक ७) : नव्या राजवाड्याचा काळा पाषाण

मागच्या आठवड्यात आपण भवानी मंडपात, जुन्या राजवाड्याच्या चौकात होतो. आज कसबा बावड्याच्या रस्त्याला लागू आणि नव्या राजवाड्यासमोर थांबू.

१८७७ ते १८८४ या काळात ही वास्तू उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअरचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि आजच्या सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारतही त्याचीच. १८८१ मध्ये तो वारला, त्यामुळे पुरा झालेला राजवाडा त्याला पाहायला मिळाला नाही. गुजरात-राजस्थानातल्या जैन आणि हिंदू मंदिरांची नक्षी, इस्लामी वळणाचे घुमट, आपल्याकडच्या वाड्यांची धाटणी आणि मधोमध युरोपीय पद्धतीचा घड्याळाचा मनोरा, असा सगळा मेळ त्याने इथे घातला.

पण माझ्या मते या इमारतीचं खरं मोठेपण त्या मेळात नाही, ते दगडात आहे. झरोके, छत्र्या, कमानी हे सगळं ज्या प्रदेशातून आलं, तिथे संगमरवर किंवा वालुकाश्म. तो दगड उजळ, त्यावर उथळ कोरलं तरी सावली उमटते आणि नक्षी दिसते. इटलीत फेरारा शहरात १४९३ मध्ये सुरू झालेला पलाझ्झो देई दियामांती हा रेनेसाँ काळातला वाडा बघा. हिऱ्यासारखे पैलू पाडलेले आठ हजारांहून जास्त दगड त्याच्या भिंतींवर आहेत. त्यांचा रंग फिकट पांढरा-गुलाबी, म्हणूनच ऊन फिरेल तशी भिंत बदलते.

आपला दगड बेसॉल्ट. काळा, कठीण, बारीक कणांचा. त्यावर सावली सहज उमटत नाही. त्यामुळे नक्षी खोल घ्यावी लागते, कडा धारदार ठेवावी लागते आणि सपाट भाग घोटून चकचकीत करावा लागतो. मग उजेड त्या कडेवर आणि चकाकीवर येतो. मँटने कागदावर रेघ ओढली, पण ती या दगडात उतरवणं पाथरवटाच्या छिन्नीचं काम. या दगडाची रग ओळखणारे हात या मुलखाला नवे नव्हते. बाराव्या शतकातलं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर याच जिल्ह्यात, याच काळ्या पाषाणात कोरलेलं आहे.

अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारतही मँटचीच, पण पांढऱ्या संगमरवरातली. ती देखणी आहे. मला मात्र कोल्हापूरची जास्त भावते. तोच झरोका इथे भारदस्त होतो, नुसता शोभेचा राहत नाही.

राजवाड्यात शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. येणारे बहुतेक जण शस्त्रं आणि शिकारीच्या वस्तू बघायला सरळ आत शिरतात. तुम्ही तसं करू नका. सकाळी ऊन तिरपं असताना जा, आधी बाहेरून सावकाश हिंडा आणि कमानींच्या कडा निरखून बघा. दरबार हॉलमधल्या रंगीत काचा पुढच्या लेखांकात.