मृतजन्मांची गणना

मृतावस्थेत जन्मास येणाऱ्या अर्भकांचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सांगण्याचा प्रघात आहे. ही मोजणी वरवर सोपी वाटते. परंतु गर्भ किती आठवड्यांचा झाल्यावर त्याच्या मृत्यूस मृतजन्म म्हणावयाचे, याविषयी देशादेशांत एकवाक्यता नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्ये २० आठवड्यांपासून नोंद ठेवतात; जागतिक आरोग्य संघटना तुलनेसाठी २८ आठवड्यांची मर्यादा धरते.

या मर्यादेचा परिणाम केवढा, हे इंग्लंड व वेल्समध्ये दिसून आले. तेथील २८ आठवड्यांची मर्यादा ऑक्टोबर १९९२ मध्ये कायद्याने २४ वर आणली गेली. १९९२ साली हजारी सुमारे ४.३ असलेले प्रमाण १९९३ साली ५.७ झाले. ही वाढ मुख्यत्वे व्याख्येची होती. मातांची शुश्रूषा बिघडल्याची नव्हे.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. क्षणभर श्वास घेऊन दगावलेले मूल जिवंत जन्मलेलेच होय. तरी कित्येकदा त्याची गणना मृतजन्मांत होते. जेथे प्रसूती घरीच होतात, तेथे पुष्कळदा नोंदच होत नाही. अशा स्थितीत कसोशीने मोजणारा देश कागदावर अभागी ठरतो आणि न मोजणारा सुखी!

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ साली २८ आठवड्यांपुढील असे सुमारे १९ लाख मृतजन्म झाले. त्यांपैकी शेकडा चाळिसांहून अधिक अर्भके कळा सुरू झाल्यावर दगावली. वेळीच कुशल साहाय्य मिळते, तर त्यांतील पुष्कळ वाचती. जे मोजले जात नाही, त्याच्या निवारणाची तजवीजही सहसा होत नाही.