लिलाव दोन दिवसांचा, गुडघा नऊ महिन्यांचा

पुणे-सोलापूर महामार्गावर लोणी काळभोरच्या स्टेशन चौकात संध्याकाळी तेलाचे टँकर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत असतात आणि बाजूच्या चहाच्या टपरीवर पुणेरी पलटणची नव्याने बांधणी सुरू असते. प्रो कबड्डीचा हंगाम संपला की या गप्पांना विशेष रंग चढतो. ‘‘त्याला कशाला ठेवला? गुडघा गेलाय त्याचा.’’ ‘‘अरे, पोरगं लहान आहे अजून, दोन वर्षं थांब की.’’ ‘‘दोन वर्षं कोण थांबतं? पैसे मोजा आणि तयार गडी आणा.’’ चहाचे ग्लास रिकामे होतात, वाद मात्र मिटत नाही.

हा वाद पोकळ नाही. पुणेरी पलटणचा इतिहासच त्याला खाद्य पुरवतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांपैकी हा एक. पहिल्या दोन्ही हंगामांत तो तळाला राहिला. पुढे मोठी नावे आली आणि गेली. आठव्या हंगामात राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे नावाजलेले चढाईपटू संघात होते. पण हंगाम पुढे सरकला तसा चढाईचा भार अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत या दोन नवख्यांच्या खांद्यावर आला. नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूरकडून हरला. दहाव्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये मोजले गेले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिल्यांदा चषक उचलला. कर्णधार होता अस्लम.

त्यानंतरचे वर्ष टपरीवरच्या प्रत्येक पक्षाला सोयीचे आहे. शादलू लिलावात हरियाणाकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली, उरलेला हंगाम त्याला बाहेर बसावे लागले आणि गतविजेता संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. त्या वर्षीचा चषक हरियाणाने पटकावला, तोही पुण्यात, बालेवाडीत. ‘‘बघा, इराणी सोडला आणि चषक गेला,’’ असे म्हणणारे तेव्हा जिंकले. बाराव्या हंगामात अस्लम परतला, संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि दिल्लीकडून २८-३१ असा हरला. ‘‘बघा, थांबलो म्हणून इथवर आलो,’’ असे म्हणणाऱ्यांची तेव्हा पाळी आली.

दोन्ही बाजू पैशांचा, गुणांचा आणि डावपेचांचा हिशेब चोख मांडतात. त्यात एक रकाना मात्र कोरा राहतो. तो शरीराचा. खेळाडूंचा लिलाव दोन दिवसांत आटोपतो. गुडघा दोन दिवसांत बरा होत नाही आणि एकोणीस वर्षांचा मुलगा एका हंगामात पुरता घडत नाही. शरीर आपल्या वेळापत्रकाने चालते. ते वेळापत्रक समजून घेतले, तर कोणाला ठेवावे आणि कोणाला सोडावे हा वाद जरा शहाणपणाने घालता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या गावातल्या मुलांचे नुकसान टळते.

आधी गुडघ्याचे पाहू. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावत असतो आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला बचावपटू त्याचा घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी अडकते, वरचे शरीर मात्र वळत राहते. ही सगळी पीळ गुडघ्यावर येते. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जखडून ठेवणारे दोन दोर एकमेकांना छेद देऊन असतात. त्यातला पुढचा दोर, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, अशा पिळात तुटतो. यासाठी कोणी धरायलाही लागत नाही. वेगात धावताना अचानक दिशा बदलली किंवा उडी मारून पाय सरळ ठेवून उतरले, तरी पुरते. तुटताना बरेचदा ‘कट्’ असा आवाज येतो किंवा तसे जाणवते, आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगतो, कारण आत रक्त साचते.

पूर्ण तुटलेला हा दोर बहुधा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. साधे चालणे-फिरणे असलेल्या माणसाला व्यायामोपचारावर भागवता येते. पण वळणे, उड्या आणि धक्के असलेल्या खेळात परतायचे असेल, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. त्याच खेळाडूच्या मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध काढून त्याचे कलम तुटलेल्या दोराच्या जागी बसवतात. शेतकऱ्याला कलम म्हणजे काय हे सांगायला नको. बांधले म्हणजे जगले असे होत नाही. या कलमात नव्या रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या लागतात, तंतूंची मांडणी बदलावी लागते. गंमत अशी की कलम सर्वांत कमजोर असते ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, म्हणजे नेमके सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि खेळाडूला ‘आता मी ठणठणीत’ असे वाटू लागते तेव्हा. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा समज इथे सर्वांत महाग पडतो.

नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका घटला. प्रत्येक महिन्याच्या थांबण्याने तो जवळपास निम्म्याने कमी झाला. म्हणून आज जगभर नऊ महिने हा किमान काळ धरला जातो. नुसता काळही पुरेसा नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के आहे का, एका पायावर उडी मारून तोल राहतो का, हे मोजूनच मैदानाचे दार उघडायचे असते. इतके करूनही सगळे पूर्वीच्या जागी पोहोचत नाहीत. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण ६५ टक्के लोक आपल्या पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले आणि स्पर्धात्मक खेळात परतले ते ५५ टक्के. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी जवळपास चौघांत एकाचा त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा दोर पुन्हा तुटतो. मोठ्या दुखापतीनंतर एखादा चढाईपटू पहिल्या पाच सामन्यांत बिचकला, तर त्याला ‘संपला’ म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत. गुडघ्यावरचा विश्वास परत यायला बहुधा स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता दुसरा वाद, ‘पोरगं कधी तयार होणार?’ प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला नवख्या तरुणांसाठी वेगळा गट असतो, आणि पुणेरी पलटणने आपली ‘युवा पलटण’ अशी फळीच उभी केली आहे. या मुलांकडून लगेच गुणांची अपेक्षा होते. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची उंची पूर्ण झाली असली, तरी शरीराचे काम संपलेले नसते. स्नायूंची ताकद व्यायामाने काही आठवड्यांत वाढताना दिसते. स्नायूला हाडाशी जोडणारे बंध मात्र त्या ताकदीला पेलण्याइतके जाड व्हायला कित्येक महिने घेतात. इंजिन मोठे बसवले आणि साखळी जुनीच राहिली, असा तो प्रकार. दोन महिन्यांत व्यायामशाळेत अंग कमावून आलेला मुलगा मॅटवर जायबंदी होतो, त्यामागे बरेचदा हेच असते.

मुळात निवड करतानाच आपण फसतो. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे आहे. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वरच्या पातळीवरच्या हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. कारण साधे आहे. दहाव्या वर्षी जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, म्हणून थोराड. प्रशिक्षकाला तो गुणी वाटतो, त्याला जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात आणि मग तो खरोखरच पुढे जातो. २०१३ च्या एका अभ्यासात याची दुसरी बाजूही पुढे आली. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना व्यावसायिक संघ उशिरा निवडत होते. पण निवडले गेल्यावर त्यांची कामगिरी निवडीच्या क्रमांकावरून वाटली होती त्याहून सरस ठरत होती.

कबड्डीत अंगबळाचे मोल हॉकीहून कमी नाही. शिवाय जन्मतारीख एकच असली, तरी दोन मुलांच्या हाडांची वाढ दोन-दोन वर्षांनी मागे-पुढे असू शकते. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा पकडीत सगळ्यांना लोळवतो. सोळाव्या वर्षी इतरांनी त्याला गाठले की तो ‘बिघडला’ असे म्हटले जाते. तो बिघडलेला नसतो. बाकीचे फक्त मोठे झालेले असतात. आणि ज्या काटकुळ्या मुलाला चौदाव्या वर्षी घरी पाठवले, त्याने तोवर खेळ सोडलेला असतो.

आता टपरीवरून मैदानावर येऊ. समजा, लोणी काळभोरचाच एक सोळा वर्षांचा चढाईपटू आहे. सरावात गुडघा मुरगळला, रात्री सुजला. तीन आठवड्यांवर जिल्हा निवड चाचणी आहे आणि पुढच्या वर्षी तो वयोगटात बसणार नाही. घरचे गोंधळलेले. कोणी म्हणते, तेल लावून चोळ. कोणी म्हणते, ओढून बसवून घे. कोणी सुचवते, इंजेक्शन घेऊन तेवढी चाचणी खेळून टाक. अशी मुले प्रत्येक तालुक्यात असतात आणि त्यांच्यासाठी फिजिओ, ट्रेनर, शल्यविशारद असा ताफा उभा नसतो. त्यांचा निर्णय टपरीच घेते.

अशा वेळी करायचे ते थोडके आहे. खेळ तिथेच थांबवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. चोळू नये, ओढू नये. काही तासांत सूज आली असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा गुडघा ‘निसटतो’ असे वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग असतो. वेदना मारून खेळणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणे. तुटलेल्या दोरावर खेळत राहिल्यास गुडघ्यातली गादी आणि कूर्चा फाटत जातात आणि तिशी-पस्तिशीतच गुडघा झिजू लागतो. वाढीच्या वयात आणखी एक काळजी असते. गुडघ्याच्या आसपासची हाडे जिथून लांबतात त्या पट्ट्या अजून मिटलेल्या नसतील, तर शस्त्रक्रियेची पद्धतही बदलावी लागते.

दुसरी सवय वजनाची. कुमार-किशोर गटांत वयासोबत वजनाचीही अट असते. ती गाठण्यासाठी मुले दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, उन्हात जाड कपडे घालून धावतात. वजन उतरते, पण ते पाण्याचे. अशा कोरड्या पडलेल्या शरीराने सामना खेळताना पेटके येतात, चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि हे वारंवार झाले तर वाढही खुंटते. मुलगा वजनात बसत नसेल, तर बहुधा तो वाढतो आहे एवढाच त्याचा अर्थ.

दुखापती सगळ्या टळत नाहीत, पण कमी करता येतात. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटे एका पायावर तोल सांभाळणे, गुडघे वाकवून हलके उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, असे ठरावीक व्यायाम नेमाने केले, तर दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटतात, असे फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत दिसले आहे. त्याला मॅट लागत नाही, पैसाही लागत नाही. आठवड्यातले सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, एक दिवस पूर्ण सुट्टी असावी आणि रात्रीची झोप आठ तासांहून कमी नसावी, हा ठोकताळा घरच्यांनाही पाळता येतो. झोप तोडून पहाटे चारला धावायला उठवणे ही शिस्त वाटते. प्रत्यक्षात त्या मुलाची दुरुस्तीची वेळच आपण कापत असतो.

पुढचा लिलाव येईल, स्टेशन चौकात पुन्हा संघ बांधला जाईल. जरूर बांधावा, त्याशिवाय खेळाची मजा काय? फक्त एखाद्या जायबंदी खेळाडूला ‘सोडा’ म्हणण्याआधी त्याच्या दुखापतीला किती महिने झाले, हे कोणी तरी विचारावे. आणि चाचणी हुकली म्हणून टपरीच्या कोपऱ्यात पाय लांब करून बसलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाला सांगावे की एक चाचणी गेली तरी खेळायची वर्षे अजून पुष्कळ आहेत. ती त्याच गुडघ्यावर काढायची आहेत.