गाण्यांची रांग कुणी लावायची? (संगणकाशी ओळख : लेखांक ७)

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीचे काम घरोघरी चालते. पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्याच्या हातात चिमटा असतो, समोर ज्योत असते आणि नजर त्या बारीक जोडावरून हलवता येत नाही. अशा बैठ्या कामाला गाण्यांची सोबत बरी. पण दर गाण्याला बटण दाबायला हात मोकळा कुठला? तेव्हा क्रम आधीच, संगणकावर लावून ठेवायला हवा. मागच्या लेखांकात सीडीवरची गाणी एमपीथ्रीत उतरवली. आता प्लेलिस्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी. माझे म्हणणे एवढेच, की स्वस्त प्लेअरसाठी गाण्यांचा क्रम प्लेलिस्टच्या फाइलवर सोपवू नये, तो गाण्यांच्या नावांतच बांधावा.

कारण प्लेलिस्टच्या फाइलीत गाणी नसतातच. विनअ‍ॅप या संगणकावरच्या प्लेअरच्या काळापासून रूढ झालेली एमथ्रीयू फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा: एका ओळीत एक, असे गाण्यांचे पत्ते दिसतील. पत्ता ‘डी ड्राइव्ह’पासून लिहिलेला असला तर तो प्लेअरवर लागू पडत नाही, कारण तिथे डी ड्राइव्हच नसतो. यादी आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये ठेवून नुसती फाइलींची नावे लिहिली तर निभावते. नावे देवनागरीत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी लागते. एवढे करूनही पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर वाजणारे कित्येक साधे स्पीकर या यादीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. काही नावांच्या अकारविल्हे वाजवतात, तर काही फाइली ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या त्या क्रमाने.

याने काय बिघडते ते गीतरामायणावरून कळते. रामकथा क्रमाने सांगणारी गदिमांची ही ५६ गीते १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. संगीत सुधीर फडक्यांचे. पहिल्या गीताचे नाव ‘स’ने सुरू होते आणि शेवटच्याचे ‘ग’ने. अकारविल्हे लावले की शेवटचे गीत बरेच आधी येते आणि आरंभाचे जवळजवळ शेवटी. रोमन लिपीत नावे दिली तरी तेच. उपाय अगदी साधा आहे: नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने एकेक फाइल रिकाम्या कार्डावर उतरवा. शून्य विसरू नका, नाहीतर बऱ्याच प्लेअरवर १च्या मागे २ येण्याऐवजी १० येऊन बसतो.

यावर कुणी म्हणेल, मोबाइलवर सगळे आयते मिळत असताना हा खटाटोप कशाला? मिळते खरे, पण मध्येच जाहिरात येते, फोन वाजतो आणि पुढचे गाणे कुठले ते दुसराच कुणी ठरवतो. सुटी भावगीते किंवा लावण्या ऐकायच्या असतील तर त्यानेही भागेल, तिथे उलटसुलट क्रमातही मजा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: एकच गाणे दोन याद्यांत हवे असले तर दोन आकडे कसे द्यायचे? दोन फोल्डर करा आणि त्या गाण्याची प्रत दोन्हींत ठेवा. १२८ केबीपीएसचे गाणे मिनिटाला साधारण एक एमबी घेते, म्हणजे आठ जीबीच्या कार्डावर शंभर तासांहून जास्त गाणी मावतात. पाच-दहा प्रतींनी जागेला धक्का लागत नाही. आणि एवढे करूनही भलतेच गाणे लागले, तर आधी प्लेअरवर ‘शफल’ (उलटसुलट क्रम) चालू राहिले आहे का ते बघा.