रेंजवरची पुंगळी उचलण्याआधी

आमच्या सिरसाळ्याकडे भुईमूग काढून झाला की बाया-पोरं शेतात सरवा वेचायला जातात. जमिनीत राहिलेल्या, हातातून निसटलेल्या शेंगा. मालकाने त्या सोडून दिलेल्या असतात, पण म्हणून कुणीही कधीही शेतात शिरावं असं नसतं. मालकाचा माल उचलून होईपर्यंत बांधावर थांबायचं, "वेचू का सरवा?" असं विचारायचं आणि ढिगाला हात लावायचा नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. आईबरोबर दोन-चार वेळा गेलं की कळतं.

शेतातला हा नियम मला माहीत होता. फायरिंग रेंजवर मात्र तोच नियम मला दोनदा शिकावा लागला. एकदा एनसीसीत, आणि नंतर पीएचडीत. दुसऱ्या वेळी तीन आठवड्यांचं काम वाया गेलं. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, पुढे कधीतरी फील्डवर सॅम्पल गोळा करायला जाल. तुमचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पन्नासमध्ये एक कमी

मी शाळेत एनसीसीत होते. कॅम्पमध्ये .22 रायफलने फायरिंग असतं. त्या दिवशी आम्ही दहा जणी होतो, प्रत्येकीला पाच राउंड. झोपून नेम धरायचा, गोळी सुटली की बोल्ट मागे ओढायचा, आणि रिकामी पुंगळी टिंगकन उडून बाजूला पडायची. दीड सेंटिमीटरची, पिवळीधमक, अजून कोमट. मी त्यातली एक खिशात टाकली. घरी दाखवायला.

फायरिंग संपलं. उस्तादांनी पुंगळ्या डब्यात गोळा करून मोजल्या. एकोणपन्नास. परत मोजल्या. एकोणपन्नासच. मग सगळ्यांना उन्हात रांगेत उभं केलं आणि गवत चाळायला सुरुवात झाली. पंधरा-वीस मिनिटं मी पण शोधायचं नाटक केलं, शेवटी धीर सुटला आणि मूठ उघडली. उस्ताद ओरडले नाहीत. पुंगळी डब्यात टाकली, रजिस्टरवर आकडा लिहिला आणि मग मला समजावून सांगितलं. त्यातला मुद्दा आजही लक्षात आहे.

मुद्दा असा. प्रत्येक राउंड सही करून बाहेर काढलेला असतो. तो उडाला याचा पुरावा काय? रिकामी पुंगळी. पन्नास राउंड दिले आणि एकोणपन्नास पुंगळ्या परत आल्या, तर कागदावर एक जिवंत राउंड बेपत्ता आहे. तो कुणाच्या खिशात असू शकतो, रायफलच्या चेंबरमध्ये अडकलेला असू शकतो. मला जी आठवण वाटत होती, ती त्यांच्यासाठी हिशेबाची पावती होती.

पुंगळीत काय असतं

काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळी पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारं प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. .22 मध्ये प्रायमर वेगळं बसवलेलं नसतं, पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीतच ते मिश्रण भरलेलं असतं. म्हणून या प्रकाराला रिमफायर म्हणतात. फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते, आणि ती पुंगळी पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही. मोठ्या बोअरच्या सेंटरफायर काडतुसात प्रायमर तळाच्या मध्यभागी वेगळं बसवतात. ते काढून नवं घालता येतं.

एवढ्या एका फरकामुळे जगभरच्या रेंजवरचे रिवाज वेगवेगळे झाले आहेत. अमेरिकेत आपली काडतुसं आपणच भरणारे हौशी नेमबाज खूप आहेत. तिथे सार्वजनिक रेंजवर चांगली पुंगळी म्हणजे पैसाच. त्यामुळे रिवाजही मालकीभोवती फिरतात. स्वतःच्या बंदुकीतून पडलेली आपली. शेजाऱ्याच्या जागेत पडलेली त्याला विचारल्याशिवाय उचलायची नाही. तो ठेवणार नसेल तर बहुतेक वेळा स्वतःहून "घ्या" म्हणतो. रेंजच्या बादलीत टाकलेली रेंजची. आणि फायरिंग लाइनच्या पुढे गेलेली पुंगळी सोन्याची असली तरी लाइन बंद झाल्याशिवाय तिच्याकडे वळायचंसुद्धा नाही.

आपल्याकडे मालकीपेक्षा हिशेबाला वजन जास्त आहे. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. कलम 45 मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल तरच. आता बस स्टँडवर तुमची बॅग तपासणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, तुमच्याकडचा कागद दिसतो. तो नसेल तर मूठभर पुंगळ्यांवरून भलतीच अडचण होऊ शकते.

मला पुंगळ्या कशाला हव्या होत्या

माझा विषय पितळाला जाणारे तडे. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. पत्र्याची चकती दाबून वाटी करतात, मग ती ओढत ओढत लांब करतात. या ओढाताणीत धातूच्या आत ताण उरतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत तो दबा धरून बसलेला असतो.

याची गोष्ट भारतातलीच आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात लष्करी हालचाली थांबायच्या आणि काडतुसं तबेल्यांत साठवली जायची. पावसाळा संपल्यावर उघडून पाहावं तर पुंगळ्यांना तडे. विशेषतः तोंडाशी, जिथे गोळी घट्ट पकडून ठेवलेली असते. याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचं कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि धातूत उरलेला ताण. यातला एक घटक काढून घेतला की तडा टळतो. अमोनिया नेहमी टाळता येत नाही, म्हणून ताण काढतात. तयार पुंगळी साधारण 250 अंश सेल्सिअसच्या आसपास काही वेळ तापवली की आतला ताण बराच सैल होतो आणि पितळाचा कडकपणाही फारसा कमी होत नाही.

मला हेच छोट्या प्रमाणावर करून बघायचं होतं. अर्ध्या पुंगळ्या तापवायच्या, अर्ध्या तशाच ठेवायच्या, सगळ्या अमोनियाच्या वाफेत ठेवायच्या आणि कुणाला किती तासांत तडा जातो ते बघायचं. सोपा प्रयोग वाटतो ना? मलाही वाटला.

चाळीस पुंगळ्या, शून्य निष्कर्ष

शहरातल्या एका रेंजवर ओळखीने गेले. तिथे झाडलोट करणाऱ्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "घ्या ना ताई, भंगारातच जाणारंय." बादलीतून मी चाळीस .22 च्या पुंगळ्या उचलल्या. विचारलं होतं, म्हणजे माझ्या मते रीत पाळली होती.

प्रयोग लावला. तापवलेल्या वीसपैकी काहींना तडे गेले, न तापवलेल्या वीसपैकी काही ठणठणीत राहिल्या. पुन्हा पुन्हा तपासलं. आलेख पाहून कुणी म्हटलं असतं की रांगोळी सांडली आहे. तीन आठवड्यांनी गाईडसमोर गेले तर त्यांनी आलेखाकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीच्या आहेत?" तळावरच्या खुणेवरून मी तीन कंपन्या ओळखल्या होत्या. "लॉट?" माहीत नाही. .22 च्या तळावर कंपनीची खूण असते, लॉट नंबर खोक्यावर असतो. "बादलीत किती दिवस पडल्या होत्या? पावसाचं पाणी लागलं होतं का? झाडताना फिनाईल, अमोनियावालं क्लीनर वापरतात का?" माहीत नाही, माहीत नाही, माहीत नाही.

म्हणजे मी प्रयोग सुरू करायच्या आधीच बादलीत कदाचित वेगळाच प्रयोग सुरू झाला होता, आणि त्याची नोंद कुणाकडेच नव्हती. डेटा बाजूला ठेवला. प्रबंधात त्यातला एकही बिंदू जाणार नाही.

रात्री विचार करताना एनसीसीचा डबा आठवला. उस्तादांच्या हातातली प्रत्येक पुंगळी कुणाच्या रायफलची, कुठल्या खेपेची, कधी उडालेली, हे रजिस्टरवर होतं. माझ्या चाळीस पुंगळ्या नुसत्या पितळाचे तुकडे होते. चुकीच्या माणसाला विचारलं होतं मी. त्या मुलाने चांगुलपणाने हो म्हटलं, पण द्यायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता आणि मला लागणारी माहितीही नव्हती. रेंजवर ज्याला विचारायची रीत आहे, तो सेक्रेटरी आणि तो नेमबाज, त्यांच्याकडे दोन्ही होतं.

दुसरी खेप

या वेळी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन रेंजच्या सेक्रेटरींना भेटले. किती हव्यात, कशासाठी, काम झाल्यावर काय करणार, सगळं लिहून दिलं. त्यांनी एका नेमबाज मुलीशी गाठ घालून दिली. ती 50 मीटर थ्री पोझिशनची तयारी करत होती. हाच तो प्रकार, ज्यात स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पात्रता फेरीत 60 शॉट असतात: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून प्रत्येकी 20. म्हणजे एका सरावात, एकाच रायफलमधून, एकाच लॉटच्या 60 पुंगळ्या. मला स्वर्गच!

पण त्या पडत असताना मी मागच्या खुर्चीवर गप्प बसून होते. नेम धरलेल्या माणसाच्या बाजूला कुणी वाकलं की त्याचं लक्ष जातं, आणि तुमच्यासाठीही ते धोक्याचं. सराव संपला, रायफल रिकामी झाली, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग लागला, रेंज ऑफिसरने हो म्हटलं, मग मी उठले. तिने स्वतःच खोका पुढे केला, "ताई, लॉट नंबर लिहून घ्या. आणि पहिले दहा साइटिंगचे आहेत, ते वेगळे ठेवा." मी हे विचारलंही नव्हतं.

पुंगळ्या हातमोजे घालून उचलल्या. प्रायमरच्या धुरातून शिसं आणि इतर धातूंचे कण पुंगळीवर बसतात, त्यामुळे नंतर साबणाने हात धुवायचे आणि तोवर डबा उघडायचा नाही. प्रत्येक पुंगळी वेगळ्या पाकिटात, त्यावर क्रमांक. एक राउंड उडालाच नव्हता, तोंडाला गोळी तशीच. त्याला मी हात लावला नाही, रेंज ऑफिसरला दाखवला. नगरच्या के. के. रेंजच्या परिसरातून भंगार वेचताना स्फोट झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथला माल तोफांचा, इथला .22 चा, पण नियम एकच: न उडालेली वस्तू आपली नव्हे. शेवटी संख्या लिहून दोघांच्या सह्या, एक प्रत रेंजकडे, एक माझ्याकडे. काम झाल्यावर तुकडे मोजून परत दिले.

या साठातून आलेला आलेख सरळ आहे. त्यात मोठा शोध नाही, 1921 सालीच कळलेली गोष्ट आहे. पण आता पुढचा प्रश्न विचारायला माझ्या पायाखाली जमीन आहे.

तुमच्या फील्डवर

तुमचं सॅम्पल पुंगळी नसेल. विहिरीचं पाणी असेल, गोठ्यातलं शेण असेल, दवाखान्यातली जुनी नोंदवही असेल. "टाकाऊच आहे, घेतलं तर काय बिघडलं" असं वाटेल, तेव्हा चार गोष्टी तपासा. ही वस्तू कुणाच्या हिशेबात आहे? द्यायचा अधिकार कुणाला आहे? तिचा इतिहास कुणाला माहीत आहे? आणि मी वाकतेय त्या क्षणी कुणाचं काम किंवा कुणाचा जीव मध्ये येतोय का? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकाच दारात मिळतं. म्हणून त्या दारापर्यंत जायचं. परवानगी मिळते आणि माहितीही मिळते.

माझ्या लॅबच्या रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला आहे. क्रमांक, तारीख, ठिकाण, लॉट, आणि शेवटी: 'कुणाला विचारलं'. तो रिकामा असेल तर सॅम्पल भट्टीपर्यंत जात नाही. मागच्या महिन्यात आलेल्या नव्या ज्युनिअरने विचारलं, "ताई, हा रकाना कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, भुईमुगाच्या शेतात.