कॉकपिटमधील झडपा व साठवण (शिडाच्या लहान नौकेतील)

शिडाच्या लहान नौकेत सुकाणू धरणारा व शिडे हाताळणारा ज्या खोलगट जागेत बसतो, तीस कॉकपिट म्हणतात. तिच्या तळाखाली व बैठकांखाली बहुधा बंद पोकळ्या असतात. त्यांत कोंडलेल्या हवेमुळे नौका उलटली, तरी बुडत नाही. दोर, नांगर किंवा पिण्याचे पाणी ठेवण्यासाठी, तसेच आतील बोल्ट तपासण्यासाठी या पोकळ्यांना झडपा बसवितात. झडप म्हणजे तरंगण्याच्या आधारालाच पाडलेले छिद्र होय, हे लक्षात ठेवूनच तिची योजना करावी लागते. समुद्राच्या १ घ.मी. पाण्याचे वस्तुमान सु. १,०२५ किग्रॅ. असते, म्हणून ०.२ घ.मी.ची पोकळी पाण्याने भरल्यास नौकेचा सु. २०५ किग्रॅ. आधार नाहीसा होतो.

झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. वाटोळ्या झडपेचे झाकण आट्यांवर फिरवून रबरी कड्यावर घट्ट बसवितात. चौकोनी झडप मोठ्या वस्तूंसाठी सोयीची असते. तिला बिजागऱ्या, रबरी पट्टी व पक्की कडी लागते. नौका उलटल्यावरही झाकण उघडता कामा नये. झडपेभोवती पन्हळ ठेवल्यास झिरपलेले पाणी कॉकपिटमध्ये परत वाहून जाते.

छिद्राच्या कोपऱ्यांशी प्रतिबल एकवटून तडे जातात, म्हणून कोपरे गोलाकार ठेवतात. काचतंतूंच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असल्यास, कापलेल्या कडेचा गाभा थोडा कोरून तेथे इपॉक्सी रेझीन भरतात. अन्यथा गाभा पाणी शोषून कुजतो.

लेझर या एका व्यक्तीने चालवावयाच्या स्पर्धानौकेच्या नियमांनुसार झडपेचा आतील व्यास १५३ मिमी.पेक्षा अधिक असू नये व झाकण आट्यांचे, जलाभेद्य असावे, असे बंधन आहे. अशा झडपेत आतून पिशवी टांगल्यास किरकोळ वस्तू पोकळीत इतस्ततः घरंगळत नाहीत. मोठा कप्पा हवा असल्यास जलाभेद्य आडभिंत घालून तो उरलेल्या पोकळीपासून वेगळा करणे अधिक सुरक्षित असते. कप्प्यात पाणी शिरले, तरी बाकीची हवा टिकून राहते. जड वस्तू शक्य तितक्या खाली व नौकेच्या मध्याजवळ ठेवून पक्क्या बांधतात, कारण त्या सरकल्यास नौका एका बाजूस कलते.

प्रत्येक सफरीनंतर झडपा उघडून आत पाणी साचले आहे काय, ते पाहतात व पोकळी वाळू देतात. नौका पाण्यात लोटण्यापूर्वी मात्र प्रत्येक झाकण हाताने तपासणे आवश्यक असते.