स्पॅम फिल्टरला सगळ्यांनी मिळून शिकवा

आमच्या संस्थेत शिष्यवृत्तीच्या मुदतीचा ईमेल एका कार्यकर्तीच्या स्पॅममध्ये पडून राहिला. शेजारच्या टेबलावर मात्र तोच ईमेल इनबॉक्समध्ये आला होता. असे का झाले?

आमच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हा मोफत फिल्टर आहे. कोणते शब्द स्पॅममध्ये जास्त येतात हे तो आपण दाखवलेल्या ईमेलवरून शिकतो. पण मुळात प्रत्येकाची शिकवणीची नोंद वेगळी असते. शिवाय किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले ईमेल शिकवल्याशिवाय ही नोंद वापरातच येत नाही. एकट्याला हे जड जाते, सगळ्यांनी मिळून केले तर सोपे.

त्यासाठी 'लोकल डॉट सीएफ' या फाईलमध्ये 'बेज पाथ' म्हणून सर्वांसाठी एकच जागा द्या. इथे अनेकजण चुकतात: या पत्त्यातला शेवटचा शब्द फोल्डरचे नाव नसतो, तर फाईलच्या नावाची सुरुवात असते. दुसरे म्हणजे 'बेज फाईल मोड'. तो मूळचा 0700, म्हणजे फक्त मालकापुरता असतो. सगळ्यांचा एक गट करून तो 0770 करा आणि ते फोल्डरही त्याच गटाला द्या. मग सेवा पुन्हा सुरू करा.

मात्र नोंद सामायिक झाली की चूकही सामायिक होते. कंटाळा आला म्हणून वार्तापत्राला स्पॅम ठरवू नका, त्याचे सदस्यत्व रद्द करा. चूक झालीच, तर तोच ईमेल 'चांगला' म्हणून पुन्हा शिकवा. फिल्टर आधीची शिकवण विसरतो. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने स्पॅमचे फोल्डर उघडून पाहावे. एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष त्यात अडकलेले असू शकते.